महाविद्यालयातील स्नेह आणि आपली घरे

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात जालना मुक्कामी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. कार्यकारिणीच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिला आहे.)



कार्यवाहांचे निमंत्रणपत्र आमच्या हाती पडले तेव्हा त्यात व्याख्यानाचा विषयही ठरवून दिलेला होता. ‘महाविद्यालयीन तरुण-तरुणींचे वाढते संबंध : एक चिंता’ असे त्याचे शब्द होते. आम्ही उलट टपाली ‘चिंता’ हा शब्द वगळण्याची परवानगी मागितली आणि ती कार्यकारिणीने उदार मनाने दिली. चिंता मुळीच नाही असे आम्हांस म्हणावयाचे नव्हते. परंतु ज्या गोष्टीची आपण चिंता करतो ती नीट पाहिलेली असावी, एवढाच आमचा हेतू होता. आमच्या आयुष्याची छत्तीस वर्षे याच जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या वर्गांत गेली. तेथे जे पाहिले ते प्रथम सांगावे, त्यात आमच्या हातून जे चुकले तेही लपवू नये आणि मग आपल्या मंडळापुढे एकदोन विनंत्या ठेवाव्यात, असा आजचा बेत आहे.

महाविद्यालय ही वस्तू आपल्या मुलखात फार जुनी नाही, हे तरुणांस ठाऊक नसेल. निजामी अमदानीत उच्च शिक्षणाचे ठिकाण म्हणजे १९१८ साली निघालेले हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ, आणि तेथील माध्यम उर्दू. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, १९२३ साली इंटरमीजिएटपर्यंतचे सरकारी महाविद्यालय झाले. १९४८ सालच्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यावर दारे उघडू लागली. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले आणि ज्यांच्या घराण्यात पूर्वी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते अशी शेकडो मुले तेथे पदवीधर झाली. १९५८ सालच्या २३ ऑगस्टला मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली, आणि त्याच वर्षी जालना एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय आपल्या या गावात सुरू झाले. ‘जालना सोन्याचा पालना’ ही म्हण आपण सरकी, कापूस आणि बाजारपेठ यांच्या अभिमानाने म्हणतो; त्या पाळण्यात विद्या मात्र अशी उशिरा आली. जालना हा स्वतंत्र जिल्हा तर १९८१ सालच्या १ मे रोजी झाला.

ही कालगणना सांगण्याचे कारण असे की, तरुण स्त्रीपुरुष परक्या घरचे, परक्या जातीचे असूनही रोज पाच-सहा तास एका छपराखाली बसतात, ही गोष्ट आपल्या घराण्यांच्या इतिहासात जेमतेम तीन पिढ्यांची आहे. त्यापूर्वी त्यांनी एकत्र यावे अशा जागा कोणत्या? जत्रा, लग्नमंडप आणि पाणवठा. तेथेही चार डोळे पाहत असत. ज्या गोष्टीस परंपरा नाही तिची रीत माणसांना स्वतःच घडवावी लागते. आपल्या महाविद्यालयांतून मुलामुलींनी ती कशी घडविली, ते पाहू.

आम्ही स्वतः १९६६ साली महाविद्यालयात पाऊल टाकले. त्या काळी आमच्या वर्गात साठ मुले आणि सात मुली होत्या. मुली आपल्या खोलीत थांबत, प्राध्यापक वर्गाकडे निघाले की त्यांच्या मागोमाग रांगेने येत, पहिल्या बाकांवर बसत आणि तास संपला की पुन्हा त्यांच्याच मागोमाग निघून जात. वर्षभरात त्यांच्यापैकी कोणाशी आमचे एक वाक्य बोलणे झाले नाही. तथापि कोणाची वही नीटनेटकी आहे, कोणाच्या गावाहून एसटी उशिरा येते आणि कोणाच्या आईचे दुखणे वाढले आहे, हे सगळ्या वर्गास ठाऊक असे. बोलणे बंद असले तरी लक्ष बंद नव्हते.

या अबोल काळातली पहिली रीत म्हणजे वही मागणे. आजारपणात तास बुडाले की वही मागावयाची, ती मधल्या कोणाच्या तरी हातून मागावयाची, आणि परत करताना तिला तपकिरी कागदाचे नवे वेष्टन घालून द्यावयाची. ते वेष्टन म्हणजे आभार. त्याहून अधिक काही त्यात असले तर ते ज्याचे त्याला माहीत. दुसरी रीत आगगाडीची. परतूर, रांजणी, बदनापूर येथून मुले मीटरगेजच्या गाडीने जालन्यास येत. १९९० नंतरच्या दशकात रूळ रुंद झाले, गाड्या वेगवान झाल्या, पण ‘अप-डाउन’ करणाऱ्यांची मैत्री तशीच राहिली. डबा ठरलेला, खिडकी ठरलेली. भाकरीच्या फडक्यात कोणाच्या घरचा ठेचा आहे, हे ज्यास कळते त्यास मित्राच्या जातीचा विचार करण्यास वेळ उरत नाही. आपल्यातील कित्येक ज्येष्ठांचे आजचे सगळ्यांत जवळचे मित्र त्या डब्यात जोडलेले आहेत, आणि ते आपल्या ज्ञातीतले नाहीत, हे आम्ही नावे न घेता सांगू शकतो.

तिसरी रीत आपल्या सणांची. दसऱ्यास आपट्याची पाने वाटावयाची, संक्रांतीस तिळगूळ द्यावयाचा. वर्षभर अबोला धरलेले दोन मित्र संक्रांतीच्या दिवशी व्हरांड्यात समोरासमोर आले की तिळगुळाने भांडण मिटे, आणि जी मुलगी एरव्ही मान वर करीत नसे तिनेही सगळ्या वर्गापुढे डबा फिरवावा, यात कोणास वावगे वाटत नसे. राखीची गोष्ट जरा निराळी. रक्षाबंधनाच्या दिवशी काही मुले महाविद्यालयास दांडी मारीत. कारण नको त्या हातून राखी बांधली गेली तर सगळेच आटोपले! हे ऐकून आपण हसता आहात, परंतु त्यामागे मुलींचे शहाणपण होते. ज्या काळात ‘मला तुमच्याशी असे नाते नको’ हे सरळ बोलण्याची मुलीस सोय नव्हती त्या काळात तिने ते एका धाग्याने सांगितले. कित्येकदा ‘मानलेला भाऊ’ हे नाते जन्मभर निभावलेलेही आम्ही पाहिले आहे; तिच्या मुलीच्या लग्नात मामाच्या जागी तो उभा राहिलेला पाहिला आहे.

आणि चौथी, सगळ्यांत रंगतदार रीत म्हणजे स्नेहसंमेलनातील शेलापागोटे. इंग्रजीची हौस असलेले त्यास ‘फिशपॉण्ड’ म्हणतात. पूर्वी मानकऱ्यास शेला आणि पागोटे देऊन गौरवीत. त्याच नावाने येथे थट्टा होते. संमेलनापूर्वी आठवडाभर कार्यालयाबाहेर एक कुलूपबंद पेटी ठेवावयाची. तीत कोणीही, कोणाहीबद्दल, निनावी चिठ्ठी टाकावी. मग दोन प्राध्यापक त्या चिठ्ठ्या निवडीत आणि संमेलनाच्या रात्री त्या व्यासपीठावरून वाचल्या जात. रोज उशिरा येणाऱ्यास गजराचे खेळण्यातले घड्याळ, तासाला घोरणाऱ्यास उशी, कोणाशीच न बोलणाऱ्यास कुलूपकिल्ली. ज्याचे नाव पुकारले त्याने हसत वर यावे आणि भेट घेऊन जावे. राग धरावयाचा नाही, हा नियम.

या निवडसमितीवर आम्ही पंधरा-सोळा वर्षे बसलो. पेटी उघडली की तीत तीन प्रकारच्या चिठ्ठ्या निघत. पहिल्या थट्टेच्या, त्या वाचावयाच्या. दुसऱ्या दुष्टपणाच्या : कोणाच्या रंगावर, कोणाच्या व्यंगावर, कोणाच्या जातीवर किंवा गरिबीवर; त्या आम्ही फाडून टाकीत असू. हे काम सोपे नव्हते, कारण दुष्टपणा बहुधा विनोदाचा वेष घालून येतो. आणि तिसऱ्या चिठ्ठ्या, ज्या थट्टा म्हणून लिहिलेल्या असत पण ज्यांत थट्टा नसे. ‘तिसऱ्या बाकावरील निळ्या साडीस : आपण गैरहजर असलात की वर्गात उजेड कमी पडतो.’ अशी काहीशी ती भाषा. लिहिणाऱ्यास उत्तर नको असे; आपले म्हणणे एकदा मोठ्याने उच्चारले जावे, एवढेच त्यास हवे असे. अशा चिठ्ठ्यांतली नावे काढून आम्ही त्या वाचीत असू, आणि सगळा मंडप टाळ्या देई. ज्या समाजात प्रेम बोलून दाखविण्यास जागा नसते तेथे ते हशाच्या आडोशाने येऊन उभे राहते.

यानंतरचा काळ आपण सर्वांनी पाहिलेला आहे. १९९१ नंतर बाजार मोकळा झाला, दूरचित्रवाणीच्या वाहिन्या वाढल्या आणि शुभेच्छापत्रांची दुकाने जिल्ह्याच्या गावीही दिसू लागली. स्नेहसंमेलनाच्या आधीच्या आठवड्यात ‘डेज’ आले : साडी डे, टाय डे, पारंपरिक वेषाचा दिवस, गुलाबांचा दिवस. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी फ्रेंडशिप डे आणि मनगटावर रंगीत पट्टे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०११ साली मैत्रीचा आंतरराष्ट्रीय दिवस ३० जुलै हा ठरविला, पण आपल्याकडील मुलांनी ऑगस्टचा रविवार सोडला नाही. १४ फेब्रुवारीविषयी तर बोलावयासच नको. त्या दिवशी महाविद्यालयाच्या फाटकाशी एकीकडे गुलाब विकणारा आणि दुसरीकडे पोलीस शिपाई उभा असतो. आता तर चिठ्ठीही नाही आणि वहीही नाही. सगळे हातातल्या फोनवर. ‘हे सारे परकीय आहे’ असे आमच्या वयाची मंडळी म्हणतात. पट्टा परकीय असेल. पण मनगटाला काही बांधून नाते सांगणे ही रीत परकीय आहे, असे राखी बांधणाऱ्या देशाने म्हणू नये.

आणि प्रीतीची भावना तरी या भूमीस नवी आहे काय? आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्याच काठी, पैठणास राजधानी असलेल्या सातवाहनांपैकी हाल राजाच्या नावे ‘गाथासप्तशती’ हा सातशे गाथांचा संग्रह प्रसिद्ध आहे. महाराष्ट्री प्राकृतातल्या या गाथांत शेतकऱ्यांच्या सुना, वाटसरू, पावसाळी रात्री, गोदेचे तीर आणि तरुण मनांची ओढ यांवाचून दुसरे फारसे नाही. आपल्या भाषेच्या पूर्वजेचा हा इतका जुना ठेवा प्रीतीविषयीच आहे.

याच जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. समर्थ रामदासांचा तेथे १६०८ साली जन्म झाला. बारा वर्षांचा नारायण बोहल्यावर उभा असता ‘सावधान’ हा शब्द ऐकताच मंडपातून निघून गेला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तीतून वैराग्याचा बोध घेण्याची आपली रीत आहे आणि ती योग्यच आहे. परंतु शिक्षक म्हणून आमच्या मनात नेहमी दुसराही एक विचार येतो. त्या मुलाच्या मनात काय आहे हे मंडपातल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी आधी विचारले होते काय? प्रत्येक मूल समर्थ होत नाही. बाकीची मुले बोहल्यावर मुकाट्याने उभी राहतात.

मैत्रीविषयीही एक उदाहरण सांगतो, कारण आजचा विषय केवळ प्रीतीचा नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात टिळक आणि आगरकर हे दोन विद्यार्थी मित्र झाले. सरकारी नोकरीचा मोह सोडून लोकशिक्षणास वाहून घ्यावयाचे, हा त्यांचा निश्चय तेथलाच. १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८१ साली ‘केसरी’ निघाला, १८८२ साली कोल्हापूर प्रकरणी दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस एकत्र काढले. पुढे समाजसुधारणेच्या प्रश्नावर मतभेद झाले, आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, १८८८ साली ‘सुधारक’ काढला आणि दोघा मित्रांत लेखणीचे रणकंदन झाले. १८९५ साली आगरकर वारले तेव्हा त्यांच्यावरील मृत्युलेख ‘केसरी’त टिळकांनी लिहिला. महाविद्यालयात जडलेला स्नेह माणसाच्या हातून केवढे काम करवून घेतो, हे यावरून दिसते. अशा स्नेहास आपण वेळेचा अपव्यय म्हणणार असू, तर मुलांना महाविद्यालयात धाडावेच कशाला?

आता जे सांगावयाचे आहे ते सांगताना आमचा आवाज थोडा खाली येईल, त्याबद्दल क्षमा असावी.

१९८७ सालची गोष्ट. ज्या महाविद्यालयात हे घडले त्याचे नाव आम्ही घेत नाही. द्वितीय वर्षाच्या वर्गात आपल्या ज्ञातीतील एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखे, बुद्धी त्याहून चांगली. तिचे वडील आमच्या परिचयाचे, या मंडळाच्या बैठकींना येणारे. एके दिवशी निबंधाच्या वह्या तपासताना तिच्या वहीत घडी केलेला एक कागद सापडला. वर्गातील दुसऱ्या ज्ञातीच्या एका मुलाने तिला लिहिलेले ते पत्र होते. त्यात असभ्य असे एक अक्षर नव्हते. आज वाटते की पेटीत पडले असते तर आम्हीच ते नाव वगळून व्यासपीठावरून वाचले असते आणि लोकांनी टाळ्या दिल्या असत्या.

परंतु त्या दिवशी आम्हांस आपण ज्ञातीचे हितचिंतक आहोत हे आठवले, शिक्षक आहोत हे आठवले नाही. संध्याकाळी आम्ही तिच्या घरी गेलो आणि ते पत्र वडिलांच्या हाती ठेवले. त्यांनी आमचे पुनःपुन्हा आभार मानले, आम्हांस चहा पाजला. आठ दिवसांत मुलीचे नाव महाविद्यालयातून कमी झाले आणि त्याच उन्हाळ्यात तिचे लग्न लागले. लग्नाची पत्रिका आम्हांस आली होती. आम्ही गेलो, अक्षता टाकल्या आणि मनाशी समाधान मानले की एका घराची अब्रू राखली. तो मुलगा तिसऱ्या वर्षी उत्तम गुणांनी पदवीधर झाला. त्याच्या वर्तणुकीच्या दाखल्यावर सही आमचीच आहे.

त्यानंतर वीस वर्षांनी, २००७ सालच्या जूनमध्ये, आमच्या निवृत्तीस एक वर्ष उरले असता प्रवेशाच्या गर्दीत एक बाई आपल्या मुलीस घेऊन आमच्यासमोर आल्या. आम्ही ओळखले नाही. अक्षर पाहून ओळखले. अर्ज आईनेच भरला होता. मुलीस बाहेर पाठवून त्या दोन मिनिटे थांबल्या आणि म्हणाल्या,

“सर, एक सांगायचं राहून गेलं होतं. ते पत्र मी वाचलंच नव्हतं. माझी वही त्यानं दोन दिवसांसाठी मागून नेली होती आणि परस्पर तुमच्या टेबलावर ठेवली. आत काय आहे ते मला नानांनी दाखवलं तेव्हा कळलं.”

आम्ही विचारले, “मग नानांना तसे सांगितले नाही?”

“सांगितलं ना. ते म्हणाले, सरांसारखा माणूस उगाच आपल्या घरी येईल का?”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर आम्हांस सोपे गेले असते. जाताना त्या एवढेच म्हणाल्या, “सर, माझ्या मुलीच्या वहीत काही सापडलं, तर आधी तिला विचारा.”

बंधुभगिनींनो, समजा, त्या मुलीने ते पत्र वाचले असते. समजा, त्यास उत्तरही दिले असते. तरी तिचे शिक्षण बंद करण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला होता? ती निर्दोष होती म्हणून अन्याय झाला असे नव्हे. तिला कोणी एक प्रश्नही विचारला नाही, हा अन्याय झाला. आणि त्याचे निमित्त आम्ही झालो. नाना आता हयात नाहीत. त्यांना दोष देण्याचे आमच्या मनात नाही. त्यांनी आमच्या शब्दावर विश्वास ठेवला.

आईबापांची भीती खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. मुलगी फसविली जाईल, मुलगा शिक्षण टाकील, कोवळ्या वयातला निर्णय जन्मभर जाचेल, ही भीती प्रेमातून येते. परंतु २०१४ साली नगर जिल्ह्यात खर्डा येथे अकरावी-बारावीच्या वयाच्या एका दलित मुलाचा जीव गेला, आणि वरच्या जातीच्या मुलीशी बोलल्याच्या संशयावरून तो घेतला गेला असे आरोप झाले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले. २०१६ साली ‘सैराट’ हा चित्रपट आला तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी त्यातली गाणी गुणगुणली. त्याचा शेवट मात्र घरी आल्यावर कोणी बोलून दाखविला नाही. भीती जेव्हा मुलाशी बोलण्याऐवजी मुलावर हात टाकते तेव्हा ती प्रेमातून आली होती, हे कोणास खरे वाटणार?

कायदा काय म्हणतो तेही स्पष्ट करून ठेवतो, कारण याविषयी घरोघरी अज्ञान आहे. मुलगी अठरा वर्षांची आणि मुलगा एकवीस वर्षांचा झाला की विवाहाचा निर्णय त्यांचा आहे. हिंदूंमधील भिन्न जातींचे विवाह १९४९ सालच्या कायद्यानेच निःसंशय वैध ठरले आहेत. १९५४ सालच्या विशेष विवाह कायद्याखाली जात किंवा धर्म आड येत नाही. विवाह अधिकाऱ्याकडे तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य असावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निर्वाळा दिला आहे की सज्ञान स्त्रीपुरुषांच्या विवाहात जातपंचायतीने वा जमावाने पडणे बेकायदा आहे. आणि आपल्यासारख्या मंडळांनी विशेष ध्यानात ठेवावा असा कायदा म्हणजे महाराष्ट्राचा २०१६ सालचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा, जो २०१७ साली अमलात आला. एखाद्या कुटुंबास समाजाने वाळीत टाकणे हा आता तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशा शिक्षेस पात्र गुन्हा आहे.

मागच्या रांगांतील मित्रहो, कायदा तुमच्या बाजूने बोलला म्हणून टाळी देऊ नका. पुढील वाक्य तुमच्यासाठी आहे. मुलीने ‘नाही’ म्हटल्यावर तिच्या मागे जाणे, फोनवर सतत निरोप धाडणे, ही प्रीती नव्हे. २०१३ साली दंडविधानात दुरुस्ती होऊन असा पाठलाग हा गुन्हा ठरला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो गुन्हाच आहे. आमच्या वेळी राखी बांधून नकार दिला जाई आणि तो मुलगा मुकाट्याने हात पुढे करी. तेवढी सभ्यता तुमच्यात असली पाहिजे. शिवाय त्या १९८७ च्या मुलाने काय केले ते पाहा. त्याने आपले मन मोकळे केले, परंतु मुलीच्या नकळत तिच्या वहीत कागद ठेवला. किंमत तिने दिली, त्याने दिली नाही. आपल्या हौसेची किंमत दुसऱ्यास पडणार आहे काय, एवढा हिशेब प्रेमात पडणाऱ्याने करावा. आणि पदवी हाती पडेपर्यंत, स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंत, लग्नाची घाई करू नये. ज्या स्नेहास तीन वर्षे धीर धरवत नाही तो पुढची पन्नास वर्षे कशी काढणार?

आता मंडळास दोन विनंत्या. पहिली अशी की, आपल्या शिक्षणनिधीतून ज्या मुलींस साहाय्य मिळते त्यांचे साहाय्य, त्यांच्याविषयी कोणी काही कुजबुजले म्हणून, बंद होऊ नये. तसा प्रसंग आल्यास प्रथम त्या मुलीस विचारावे, तिच्या आईसमक्ष विचारावे आणि तिचे उत्तर खरे मानून चालावे. वधूवर मेळावे आपण अवश्य भरवावेत. त्यांनी अनेक घरांची सोय होते. परंतु व्यासपीठावर मुलामुलींच्या वतीने मामा-काका बोलतात, ते पुरे करून स्वतः त्यांना बोलू द्यावे.

दुसरी विनंती अधिक अवघड आहे. आपल्या मंडळाची कुटुंबसूची दर काही वर्षांनी छापली जाते. तीत ज्या मुलामुलींनी ज्ञातीबाहेर विवाह केला त्यांची नावे पुढच्या आवृत्तीत दिसत नाहीत. तसा ठराव कोणी केलेला नाही; नावे गळतात, एवढेच. जुनी सूची काढून आम्ही परवा पाहिली. एका घरात तीन भावंडे होती. नव्या सूचीत दोन आहेत. तिसरी कन्या आज एका मोठ्या रुग्णालयात डॉक्टर आहे, तिचे आईवडील आज या सभागृहात बसलेले आहेत आणि दरवर्षी मंडळाची वर्गणी प्रथम भरतात. आम्ही त्यांच्याकडे पाहत नाही, आपणही पाहू नये. परंतु पुढील सूची छापावयास जाईल तेव्हा त्या तिसऱ्या नावास आणि तिच्या पतीच्या नावास जागा असावी, असा प्रस्ताव आम्ही मंडळाचा जुना सभासद या नात्याने लेखी देत आहोत. त्यावर कार्यकारिणीत मतभेद होतील. ते व्हावेत आणि ते या मंडपात, उघडपणे व्हावेत.

अध्यक्षमहाराजांनी दोन वेळा घड्याळाकडे पाहिले आहे आणि स्वयंपाकघरातून भोजनाची तयारी झाल्याची वर्दी आली आहे. १९८७ सालच्या त्या विद्यार्थिनीच्या मुलीने पुढे पदवी घेतली, हे जाता जाता सांगतो. निवृत्तीच्या वर्षी तिची निबंधाची वही आमच्याकडे तपासण्यास आली होती. तीत घडी केलेला एक कागद होता. आम्ही तो उघडला नाही. वहीसह तिला परत केला. त्यात काय होते हे आम्हांस आजही ठाऊक नाही.